आधी पुस्तक की आधी पिक्चर? पाच मराठी कादंबऱ्यांपुरता माझा कौल

"पुस्तकाची सर पिक्चरला येत नाही" हे आपल्याकडे इतक्या सवयीनं म्हटलं जातं की त्यावर कुणी वाददेखील घालत नाही. मी घालतो. गेल्या काही महिन्यांत पाच कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे चित्रपट असं जोडीनं वाचून-पाहून झालं. प्रत्येक वेळी एकच प्रश्न कामी आला: ही गोष्ट सांगतंय कोण? एकाच माणसाच्या डोक्यात घडत असेल तर आधी वाचा. माणसांची गर्दी असेल तर आधी पाहायला हरकत नाही.

'शाळा'पासून सुरुवात करतो, कारण इथे मला जराही शंका नाही. आधी पुस्तकच. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी 2004 सालची आणि गोष्ट आणीबाणीच्या काळातली. नववीतला मुकुंद जोशी बोलत राहतो आणि आपण ऐकत राहतो. वर्गात मागे वळून त्याला आवडणाऱ्या शिरोडकरकडे एकदा पाहायचं, तर त्याआधी त्याच्या मनात केवढी खलबतं चालतात! घडतं फार थोडं, पण त्या थोड्याचा तो जो कीस काढतो तीच खरी कादंबरी. आणीबाणीसुद्धा या पोरांना मोठ्यांच्या कुजबुजीतून जेवढी कळते तेवढीच येते. सुजय डहाके यांचा 2012 चा चित्रपट देखणा आहे. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर दोघंही शोभतात, चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मुकुंदाचं मनातलं बोलणं पडद्यावर जेमतेम उरतं. मग जे उरतं ते शाळकरी प्रेम, आणि ते तर इतरत्रही बघायला मिळतं. आधी वाचलेलं असेल तर त्याच्या चेहऱ्यामागे काय चाललंय हे आपण आपलं भरून घेतो आणि चित्रपट आणखी आवडतो. उलट क्रमानं गेलात तर पुस्तकातला निम्मा मजा हातचा जाईल.

'सिंहासन'चं नेमकं उलटं. इथे मी बिनदिक्कत सांगेन, आधी पिक्चर. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. मंत्री, आमदार, कामगार पुढारी, पत्रकार, काळे धंदेवाले अशी ही सगळी फौज नव्या वाचकाला कागदावर झेपत नाही. कोण कुणाच्या गटातला, कुणी कुणाला शब्द दिला, हे शोधायला सारखं मागची पानं चाळावी लागतात. पडद्यावर अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री एकदा पाहिला आणि समोर श्रीराम लागूंचा दाभाडे उभा राहिला की सत्तेचं अख्खं गणित ध्यानात येतं. या सगळ्यातून फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. ज्यांनी त्यांना फक्त वाड्यावर बोलावणारा पाटील म्हणून पाहिलंय त्यांनी तर हे काम चुकवूच नये. शेवटचं त्यांचं हसणं पाहिल्यावर मी बराच वेळ टीव्ही बंद केला नव्हता.

मग पुस्तकं कशासाठी वाचायची? मुंबईसाठी. साधू स्वतः पत्रकार होते आणि शहराचा घाम, धावपळ, माणसांची लाचारी त्यांच्या पानांवर जशी पसरते तशी पसरायला चित्रपटाला वेळच नाही. चेहरे आधीच ठाऊक असले की हा भाग सवडीनं वाचता येतो. दिगू कायमचा निळू फुलेच दिसणार, हा तोटा मी आनंदानं सोसला.

'बनगरवाडी'नं माझा नियम थोडा डळमळीत केला. इथेही सांगणारा एकच, तरुण मास्तर. पण तो स्वतःबद्दल फारसं बोलतच नाही. माणदेशातली धनगरांची वस्ती, मेंढरं, कारभारी, आनंदा रामोशी, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि मग पडणारा दुष्काळ. व्यंकटेश माडगूळकरांची वाक्यं इतकी आखूड आणि डोळ्यांसमोर चित्र उभं करणारी की चित्रपट आयताच लिहून ठेवलाय असं वाटतं. अमोल पालेकरांनी 1995 मध्ये तो केलाही, आणि मूळ गोष्टीशी इमान राखून केला. तरी माझा कौल पुस्तकाला, तोही एका साध्या कारणानं: ते छोटं आहे, एका रविवारी संपतं. चित्रपटाचा संथपणा सगळ्यांना मानवेलच असं नाही. पुस्तकातला संथपणा जाणवतच नाही.

'नटरंग'मध्ये माझी पंचाईत झाली. आनंद यादवांची कादंबरी आणि रवी जाधवांचा 2010 चा चित्रपट, दोन्ही गुणा कागलकरचेच. पैलवानी अंगाचा हा गडी तमाशात नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी शरीर बदलून जे केलंय ते वाचून कळणार नाही, आणि अजय-अतुलचं संगीत पुस्तकात कुठून येणार? पण चित्रपट गुणाला शेवटी मानसन्मानापर्यंत नेतो, टाळ्या मिळवून देतो. असा दिलासा कादंबरीत शोधू नका. उभारी हवी असेल तर पाहा, टोचणी सोसत असेल तर वाचा. दोन्ही करणार असाल तर मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

राहिली 'दुनियादारी'. सुहास शिरवळकरांची कादंबरी कॉलेजच्या वयात हातात पडली तर झपाटते. तिशीनंतर पहिल्यांदा वाचणाऱ्याला कट्ट्यावरचे काही संवाद जड जातील. संजय जाधवांच्या 2013 च्या चित्रपटानं दोस्तीचा भाग उचलला, त्याला गाणी आणि झगमगाट चढवला आणि थिएटरं भरली. मित्रांच्या घोळक्यात पाहायला झकास आहे. एकट्यानं बसणार असाल तर पुस्तक घ्या, आणि जमलं तर वाचनालयातली जुनी, कडा पिवळ्या पडलेली प्रत मिळवा. आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेले शेरेही वाचायला मिळतात.