वर्मची बेअरिंग बदलली, पण खरं काम लॉकनटचं

दुर्बिणीच्या इक्वेटोरियल माउंटमध्ये (ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवणारा आधार) ज्या अक्षाभोवती हे फिरणं होतं, त्या आरए अक्षावर वर्म हा मळसूत्री दांडा असतो. त्याच्यासाठी बेअरिंग, सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या), ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आणि लॉकनट असा तयार संच घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. उन्हाळा आणि थंडी दोन्ही बघून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. संचातलं मी निम्मंच वापरलं, तरी घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

वर्म जे दातेरी चाक फिरवतो, त्या माझ्या वर्म व्हीलला 180 दाते आहेत, म्हणजे वर्मचा एक फेरा सुमारे 479 सेकंदांचा. पीईसी (वर्मची ठरावीक चूक लक्षात ठेवून ती भरून काढणारी माउंटची सोय) शिकवून झाल्यावरही गाइडिंगच्या, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण जागेवर ठेवण्याच्या, आलेखात दर तीन मिनिटांनी एक उंचवटा यायचाच. वर्मची स्वतःची चूक दर फेऱ्याला जशीच्या तशी परत येते, म्हणून पीईसीला ती पकडता येते. बेअरिंगच्या गोळ्यांचं तसं नाही. 608 या मापाच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्यावरून अडीचच्या आसपास गोळ्या जातात. हिशेब फेऱ्याशी जुळतच नाही, आणि पीईसी उगाच भलतीकडे दुरुस्ती करत बसतं. वर्म सुटा करून हाताने फिरवला तर खरखर बोटांना जाणवत होती.

संचातली बेअरिंग मापाने बरोबर (8 × 22 × 7 मिमी), पण दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. स्केटबोर्डच्या चाकात हेच माप चालतं, त्यामुळे पाकिटावर आरपीएमचे मोठमोठे आकडे. आठ मिनिटांत एक फेरा घेणाऱ्या वर्मला त्यांचा काय उपयोग? इतक्या सावकाश वेगात सीलचं घर्षण मला नको होतं, म्हणून पत्र्याची झाकणं असलेली झेडझेड बेअरिंग वेगळी आणून बसवली. बेअरिंग घरात दाबून बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं तर धक्का गोळ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगलाही खड्डे पडतात.

सर्क्लिप मात्र उत्तम निघाल्या. स्प्रिंग स्टीलच्या, 0.8 मिमी जाडीच्या, खाचेत अजिबात हलत नाहीत. जुन्या परत लावायच्या भानगडीत पडू नका, काढताना त्या ताणल्या जातात. आणि काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता लॉकनट. वर्म आपल्या अक्षावर पुढेमागे किती सरकतो, ते हा नट ठरवतो. वर्म व्हीलची त्रिज्या 45 मिमी धरली, तर वर्म नुसता 0.01 मिमी सरकला तरी दुर्बीण सुमारे 46 आर्कसेकंद फिरते. गुरूचं बिंब जवळपास तेवढंच! हा प्ले, म्हणजे सैलपणा, बॅकलॅशसारखाच (दात्यांमधल्या फटीमुळे दिशा बदलताना होणारा उशीर) दिसतो, म्हणून बरेच जण वर्म आणि व्हीलमधली फट कमी करत सुटतात. दाते घासतात, प्ले आहे तिथेच राहतो. आधी वर्मच्या टोकाला बोट लावून तो आतबाहेर हलतो का ते बघा, फटीचं नंतर.

नट किती आवळायचा? पुढेमागे हलणं थांबेल इतकाच, आणि वर्म दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे. मी उकाड्यात अगदी नेमका बसवला होता, थंडी पडल्यावर वर्म जड झाला. ॲल्युमिनियमचं घर स्टीलच्या शाफ्टच्या जवळजवळ दुप्पट आकसतं आणि बेअरिंग दाबली जातात. त्यावर उपाय म्हणून एका बाजूला वेव्ह वॉशर (लाटेसारखा वाकवलेला, स्प्रिंगसारखा दबणारा वॉशर) घातला. हा संचात असायलाच हवा होता. त्यानंतर नटाला हात लावावा लागलेला नाही. ग्रब स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब लावला आहे.

तीन मिनिटांचा उंचवटा आता आलेखात शोधावा लागतो, आणि गाइडिंगची सरासरी चूक दीड आर्कसेकंदावरून एकच्या खाली आली आहे. स्ल्यू करतानाचा, म्हणजे दुर्बीण वेगाने दुसरीकडे वळवतानाचा, घरघराट मात्र होता तसाच आहे. तो मोटरच्या गिअरबॉक्सचा, या संचाचा त्याच्याशी संबंध नाही.