सरसासाठी पार्लरचा वॅक्स हीटर : आठ महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात वांद्र्याला, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, पियानो दुरुस्त करताना हा हीटर बंद पडला. पियानोची ॲक्शन, म्हणजे पट्टी दाबली की तारेवर हॅमर आपटणारी यंत्रणा, काढून टेबलावर घेतलेली, पाच हॅमर सुटलेले, आणि भांड्यात गरमच लावावा लागणारा सरस खरवसासारखा थिजलेला. दिवा मात्र ऐटीत चालू.

साडेसहाशे रुपयांत मिळाला, म्हणून घेतला होता. सरसाचं खास भांडं परदेशातून मागवायचं तर त्याच्या कित्येक पट पैसे. आत पाणी, पाण्यात काचेची बरणी, बरणीत रात्रभर भिजवलेले सरसाचे दाणे. साठ ते त्रेसष्ट अंशांवर छान पातळ होतो. सत्तरच्या वर बराच वेळ राहिला की पकड जाते. हीटरच्या खटक्यावर आकडेच नाहीत, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतोच. तेही चाललं.

चालत नाही ती वायर. जेमतेम दोन हात! जुन्या घरांत प्लग दाराशी आणि पियानो समोरच्या भिंतीला. म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड आला, त्याचं ओझं आलं, त्यात अडखळणारं घरातलं कुत्रं आलं. कीबोर्डचा एक्स-स्टँड आणि त्यावर साडेचार फुटी प्लायची फळी हे माझं टेबल. ते कुठेही लागतं. हा हीटर मात्र प्लग म्हणेल तिथेच बसतो.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, पांढरा गम लावावा. मीही पूर्वी लावायचो. पण दांडीवर हॅमर जरा तिरका बसला तर सरस गरम पाण्याच्या बोटाने सोडवता येतो. पांढऱ्या गमाचा जुना थर लाकडातून खरवडून काढावा लागतो, कारण त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. इन्स्टंट ग्लू मी फक्त तारा ताणून धरणाऱ्या ढिल्या ट्यूनिंग पिनांच्या मुळाशी सोडतो, तोही नवा पिनब्लॉक, म्हणजे त्या पिना रुतलेली लाकडी फळी, परवडणार नसेल तेव्हा.

तर वांद्र्याच्या आंटींनी नातवाच्या दुधाची बाटली गरम करायचं यंत्र आणून दिलं. त्याला आकडे आहेत! साठवर लावलं आणि तासाभरात पाचही हॅमर जागेवर. आठ महिने मी या हीटरची शिफारस सगळ्यांना करत होतो, ती आता मागे घेतो. निदान अर्धी.

दुकानदाराकडे गेलो. त्याने भांडं नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "हे वॅक्स नाही. वॉरंटी गेली." भांड्यात डाग एक नाही, पण सरसाच्या वासापुढे काय वाद घालणार?

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने एकशे ऐंशी रुपयांत थर्मोस्टॅट बदलला. बाटलीवालं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. किंमत पाहिली आणि तूर्त थांबलो. वायर मात्र आता तीन मीटर आहे.