पावसाळ्यात एकट्यानं हरणं बघायला: पाल की पाटणादेवी?

आषाढ लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "दोन दिवस एकट्यानं जंगलात जायचंय, हरणं दिसायला हवीत. कुठं जाऊ?" आमच्या आजोबांच्या पिढीत हा प्रश्न शिकारीचा असायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदूक खाली ठेवायला लावली, ते फार चांगलं झालं. वारा ओळखणं, माग वाचणं, तासन्‌तास गप्प बसणं मात्र अजून तसंच लागतं.

आधी काय बघायचं ते ठरवा. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण सांबर आणि भेकर ही खरी हरणं, त्यांची शिंगं गळून पुन्हा येतात. चिंकारा हा कुरंग, म्हणजे अँटिलोप, त्याचं शिंग जन्मभराचं. सांबराची ओढ असेल तर सातपुडा, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातलं पाल आणि यावल अभयारण्य. चिंकारा, नीलगाय बघायची असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी, म्हणजे गौताळा-औट्रम घाट अभयारण्याची खानदेशाकडची बाजू.

जंगल म्हणून मला पाल जास्त आवडतं. यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटर, सागाचं रान, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. पावसाळ्यात सांबर नराची नवी शिंगं मखमली कातडीत असतात, तेव्हा तो झाडोऱ्यात जपून वावरतो. सर थांबली तरी सागाच्या पानांवरून थेंब टपटपत राहतात, त्या आवाजात सांबराला धोक्याची चाहूल लागत नाही, म्हणून ते नजर लांब पोचेल अशा मोकळ्या कडेला येऊन उभं राहतं. पाऊस उघडल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास त्यामुळेच सोन्याचा. सुकी नदीच्या अंगाला एकदा ओल्या मातीत खूर उमटलेला दिसला. दोन लांबट पाकळ्या, कडा अजून धारदार, आत पाणी नुकतंच झिरपायला लागलेलं. जनावर जवळपासच होतं. पुढं वीस मिनिटं मी हललो नाही. ते दिसलं नाही, फक्त एकदा भोंगा वाजावा तसं ओरडलं. तेवढ्यानंही अंगावर काटा आला.

पण हाच पाऊस एकट्याच्या जिवावर येतो. दोन्हीकडे अस्वल आहे. कोरड्या दिवसांत त्याला आपली चाहूल लागते आणि ते बाजूला होतं. पावसाच्या आवाजात लागत नाही, मग वळणावर समोरासमोर गाठ पडते. पालच्या रानात गाव लांब, मोबाईलची रेंज बेभरवशाची. तिथं एकट्यानं जाणाऱ्यानं तडवी किंवा पावरा आदिवासी वस्तीतला माहीतगार माणूस सोबत घ्यावाच. एकटेपण मोडतं, पण त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही.

पाटणादेवीला जनावर कमी दिसेल, पण माघार सोपी. चाळीसगाव स्टेशनवर उतरायचं, तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी. भिजलात तर देवीच्या जुन्या दगडी मंदिराचा आसरा आहे. इथला धोका पाण्याचा. सकाळी घोट्याएवढा ओढा ओलांडून मी आत गेलो होतो. माथ्यावर ढग काळे झाले होते, माझ्या डोक्यावर मात्र ऊन. परतताना पाणी अजून तेवढंच होतं, पण त्याचा रंग चहासारखा झाला होता आणि काटक्या-पाला वाहत होता. ते बघून मी काठावरच थांबलो. थोड्याच वेळात पाणी मांडीपर्यंत आलं, आणि मी दोन तास ओल्या कपड्यांत कुडकुडत बसलो. ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत याच डोंगरांतून उतरलेल्या पाण्यानं चाळीसगावात पूर आला होता, कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. पाणी गढूळ झालं की ओढ्यात पाय घालू नका, पलीकडे गाडी दिसत असली तरी.

सातपुड्यातलंच तोरणमाळ? धुकं आणि यशवंत तलावासाठी जरूर जा. हरणांसाठी नको.

सामान दोन्हीकडे सारखंच. सुती कपडे नकोत, भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. कोरडा लोकरी बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सोबत दुर्बीण, शिट्टी, कळण्याची भाकरी आणि शेंगदाणे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर माथा आणि एकटं झाड सोडा. वन खात्याची परवानगी आधी काढा, काही वाटा पावसाळ्यात बंद असतात. परतायची वेळ नाक्यावरही सांगा, घरीही.

पहिल्यांदाच एकटे जात असाल तर पाटणादेवी, सकाळी जाऊन दुपारी तीनच्या आत बाहेर. दोन मुक्काम करता येत असतील आणि माहीतगार सोबतीला मिळाला असेल तर पाल. तो ऐनवेळी आला नाही, तर त्या दिवशी पालजवळच्या गारबर्डी धरणाच्या काठावर दुर्बीण घेऊन बसा, आत शिरू नका.