ड्राय सिरप की विरघळणारी गोळी? मुलांच्या अँटिबायोटिकबद्दल ऐरोलीतल्या एका बापाचा अनुभव

डॉक्टरांनी सेफिक्झिम लिहून दिलंय, ते सिरपमध्ये घ्यायचं की पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत, एवढ्याच प्रश्नावर हे लिहितोय. अँटिबायोटिक लागणार की नाही, कुठलं आणि किती दिवस, हे आपण ठरवायचं नसतं. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. १ मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याला अशा औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये, पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या नावानिशी लिहून ठेवावी लागते. त्यामुळे चिठ्ठी न बघता कोणी बाटली पुढे सरकवली, तर ती ओळखीतली सवलत समजू नका.

औषधाचा प्रकार मात्र विचारता येतो. मुलांसाठी सिरपच लिहायची डॉक्टरांना बहुधा सवय असते, पण विचारलं तर ‘गोळीही चालेल’ असं म्हणणारे डॉक्टर मला भेटलेत. मी दोन्ही प्रकार वापरलेत, एकाच मुलीसाठी, आठ महिन्यांच्या अंतराने.

पहिल्या वेळी लेक साडेतीन वर्षांची होती. ताप होता, सर्दी-खोकला काही नाही, आणि शूला बसली की रडायची. डॉक्टरांना लघवीच्या जंतुसंसर्गाची शंका आली. त्यांनी लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यात कुठले जंतू वाढतात ते बघणारी तपासणी सांगितली आणि बजावलं, की नमुना दिल्याशिवाय पहिला डोस द्यायचा नाही. औषध पोटात गेलं की नमुन्यात जंतू वाढतच नाहीत, मग रिपोर्टचा उपयोग काय? मी तासभर डबी हातात धरून बाथरूमच्या दारात उभा होतो. रिपोर्ट यायला तीन दिवस लागले, तोवर उपचार अंदाजानेच चालू होते. निघाला ई. कोलाय नावाचा जंतू. या दुखण्यात बहुतेक वेळा तोच निघतो.

औषध होतं ड्राय सिरप. बाटलीत पावडर, सोबत पाण्याची प्लॅस्टिकची कुपी. मी कुपीचं टोक मोडलं, सगळं पाणी एकदम ओतलं, झाकण लावून जोरात हलवलं. वर फेस, खाली दुधासारखं पांढरं पाणी. झालं काम, असं वाटलं.

चौथ्या दिवशी बाटली उजेडात तिरकी धरली, तर तळाच्या कडेला ओल्या पिठासारखा एक गोळा चिकटून बसलेला. नखाएवढा असेल. त्या गोळ्याकडे बघून माझ्या पोटात जे झालं ते सांगता येत नाही. औषधाचा मोठा भाग तळाशी, आणि लेकीच्या पोटात तीन दिवस गेलं ते पातळ पाणी? आणि आता हा गोळा सुटला तर उरलेले डोस दाट होणार. तिचा ताप तिसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळला होता. तो या गोळ्यामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण औषध बरोबर दिलं तरी ताप उतरायला दोनेक दिवस जातात. पण शंका एकदा आली की जात नाही.

त्यात दुपारचा घोळ. आम्ही दोघं ऑफिसला, त्यामुळे शाळेतून आल्यावरचा डोस आई द्यायची. तिला विचारलं, ‘हलवून देतेस ना गं?’ तर म्हणाली, ‘अरे, सकाळी तूच तर हलवली होतीस की!’ तिचं काय चुकलं? घरातलं खोकल्याचं औषध ती वर्षानुवर्षं तसंच ओतत आलीये. पण या बाटलीतली पावडर पाण्यात पूर्ण विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. दोन तास बाटली उभी राहिली की परत खाली बसते. म्हणजे प्रत्येक डोसच्या आधी हलवायला हवी.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ती बाटली टाकून द्या, नवीन घ्या, गोळा फोडत बसू नका. नवीन बाटली कालवायची रीत मेडिकलमधल्या पोराने दाखवली. पाणी घालायच्या आधी कोरी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची, अर्धं पाणी घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग उरलेलं पाणी. कुपी नसेल आणि बाटलीवर बाणाची खूण असेल, तर उकळून गार केलेलं पाणी, आणि खूण डोळ्यांच्या रेषेत धरून बघायची. फेस बसायच्या आत मोजलं तर पाणी कमी पडतं. पाचेक मिनिटांचं काम आहे. मुलगी कडेवर रडत असताना तेवढी पाच मिनिटं निघणं कठीण, एवढंच.

नवी बाटली घेताना आणखी एका गोष्टीने घाम फोडला. हे सिरप ५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत मिळतं, आणि खोकी दिसायला जवळजवळ सारखी. नुसतं ‘अडीच मिली’ लक्षात ठेवून दुसऱ्या ताकदीची बाटली उचलली, तर डोस निम्मा किंवा दुप्पट. जुनी बाटली टाकायच्या आधी दोन्ही लेबलं शेजारी ठेवून वाचा.

मापाचं म्हणाल तर झाकणावरच्या रेषा मला तरी कधी नीट दिसल्या नाहीत. सुई नसलेली सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, ती गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडायची. घरातला चमचा अजिबात नको. आमच्याच डब्यातले तीन चमचे मोजून पाहिले, तिन्हींत वेगवेगळं पाणी मावलं.

आठ महिन्यांनी तेच दुखणं परत आलं. (कारण निघालं बद्धकोष्ठ, आणि शाळेतलं बाथरूम आवडत नाही म्हणून दिवसभर शू धरून ठेवणं. परत परत होत असेल तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, आम्हालाही सांगितली.) या वेळी मीच विचारलं, गोळी चालेल का? तिच्या वजनाला पूर्ण गोळी बसत होती, म्हणून त्यांनी बदलून दिली.

पहिल्या दिवशी मी अर्धा पेला पाण्यात गोळी टाकली. लेकीने निम्मं प्यायलं आणि तोंड फिरवलं, आणि उरलेल्या पाण्यात किती औषध राहिलं ते कोणाला ठाऊक! चूक माझीच. पाणी चमचाभरच घ्यायचं. गोळी मिनिटभरात फुगून भुगा होते, ती पाजायची, मग त्याच चमच्यात थोडं पाणी फिरवून तेही पाजायचं, कारण भुगा तळाला राहतो. इथे चमचा घरातला कुठलाही चालतो. माप गोळीतच बांधलेलं आहे, चमचा फक्त वाहक. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. कालवण्यात चूक नाही, हलवायचं विसरणं नाही, रेषा बघायची नाही. आई दुपारी पट्टीतून एक गोळी काढायची, आणि डोस दिला की नाही हे रिकाम्या खळग्यावरून मला संध्याकाळी कळायचं.

चव खडूसारखी होती, हे कबूल. सिरपच्या गोडव्यापुढे गोळी हरते. पहिले दोन दिवस रडारड झाली, मग आईने मागोमाग चमचाभर मोरावळ्याचा पाक द्यायला सुरुवात केली आणि विषय मिटला. मधल्या रविवारी ऐरोलीहून गाडी पकडून ठाण्याला सासुरवाडीला गेलो, तर दोन गोळ्या पट्टीसकट बायकोच्या पर्समध्ये. बाटली असती तर ती उभी ठेवा, सांडेल का, तिथल्या फ्रिजमध्ये जागा आहे का, हे सगळं आलं असतं. कालवलेली बाटली किती दिवस चालते आणि फ्रिजमध्येच हवी का, हे औषधागणिक बदलतं, लेबलवर लिहिलेलं असतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या दुसऱ्या अँटिबायोटिकचं सिरप कालवल्यावर गारच ठेवावं लागतं, आणि लाइट गेली की जीव टांगणीला. त्याची गोळीसुद्धा दमट हवेत खराब होते. पावसाळ्यात आपल्याकडे मीठ जसं पाणी धरतं तसंच, म्हणून ऐन वेळेपर्यंत पट्टी फोडायची नाही.

टायफॉइडला हेच सेफिक्झिम लिहिलं जातं तेव्हा कोर्स लांबतो, बहुतेकदा दहा ते चौदा दिवस. तितक्या दिवसांत किती बाटल्या कालवाव्या लागतील याचा हिशेब आधीच करा. विरघळणाऱ्या गोळ्या म्हणजे काही नवं खूळ नाही. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना अमॉक्सिसिलिनची अशीच गोळी सुचवते.

पण सिरप आणून परस्पर गोळी दिली, किंवा उलट, असं करू नका. दोन्ही प्रकार अंगात सारखेच उतरतात असं धरून चालता येत नाही, डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि प्रकार कुठलाही असो, अंगावर पित्तासारखे चट्टे उठले, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढचा डोस न देता दवाखाना गाठायचा. मूल लोळागोळा झालंय, शू होत नाहीये किंवा उलट्या थांबत नाहीत, तरीही तसंच. थोडी पातळ शी मात्र या औषधाने होऊ शकते. डोस पोटात जाताच उलटून पडला तर परत द्यायचा का, हे फोन करून विचारा. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा परत द्यायला सांगितलं होतं.

मे महिन्यात लेकीला पाण्यासारखे जुलाब झाले. आईने फ्रिजच्या दारात राहिलेली जुनी बाटली काढली. ‘पोटालाही हेच देतात ना?’ देतात, पण टायफॉइडला, किंवा शीतून रक्त पडत असेल तेव्हा डॉक्टरांनी बघून. मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. शिवाय कालवलेली बाटली महिनोन्‌महिने चालतच नाही. त्या वेळी ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, एवढंच मिळालं. झिंकसुद्धा सिरप आणि विरघळणारी गोळी, दोन्हींत येतं. मी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

तुमचं मूल अगदी तान्हं असेल, किंवा वजनाप्रमाणे डोस गोळीच्या मापात बसत नसेल, तर मी म्हणेन सिरपच घ्या आणि सिरिंज घ्या. अर्धी गोळी नेमकी अर्धी मोडणं मला अजून जमलेलं नाही. एक तुकडा मोठा होतो आणि दुसऱ्याचा चुरा हाताला लागतो.