वनस्पती ओळखणारे ॲप आणि वाईच्या रानातली फळे: सात महिन्यांचा अनुभव

फोटो काढताच झाडाचे नाव सांगणारे एक ॲप मी मे महिन्यात वर्षाची वर्गणी भरून घेतले. कुंडीतल्या शोभेच्या झाडांसाठी ते उत्तम आहे, याविषयी माझी तक्रार नाही. मात्र रानातले कोणते फळ खाण्याजोगे आणि कोणते विषारी हेही आपण सांगतो, असा त्याचा दावा होता, आणि मी पैसे भरले ते त्यासाठीच. वाई परिसरात लहानपणी जी फळे आम्ही खाल्ली आणि ज्यांना हात लावल्याबद्दल मार खाल्ला, त्या दोन्हींवर हा दावा मी नोव्हेंबरअखेरपर्यंत तपासून पाहिला.

सुरुवात पसरणीच्या घाटातल्या करवंदांपासून केली. ॲपने करवंदाच्या दोन जातींमध्ये गोंधळ घातला, पण दोन्हींची फळे खातात, त्यामुळे तो गुन्हा माफ. खटकली ती खाली दिलेली सर्वसाधारण सूचना, की ज्या झाडाला पांढरा चीक येतो त्याचे फळ खाऊ नये. करवंद देठापासून तोडले की चीक बोटांना आणि ओठांना चिकटतोच, आणि तरीही आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, असे म्हणत पिढ्यान्‌पिढ्या ते खाल्ले गेले आहे. दुसरीकडे, करवंदाच्याच कुळातल्या पिवळ्या कण्हेरीलाही तसाच चीक येतो, आणि तिच्या बियांमधली द्रव्ये थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. तेव्हा नुसत्या चिकावरून निवाडा करता येत नाही.

परसातल्या कामोणीच्या काळ्या फळांचा फोटो दिला तेव्हा पर्याय म्हणून युरोपातली बेलाडोना कवटीच्या चिन्हासह समोर आली. बेलाडोना आपल्याकडच्या रानात उगवत नाही, आणि उगवली असती तरी फरक स्पष्ट आहे: तिचे जवळजवळ बोराएवढे फळ पाच पाकळ्यांच्या पसरट हिरव्या चांदणीवर एकेकटे बसते, तर कामोणीची मिऱ्यापेक्षा थोडी मोठी फळे एका दांडीवर घोसाने लागतात आणि फुले इवलीशी, पांढरी असतात. ॲपने खरे तर सांगायला हवे होते ते वेगळेच, की कामोणीची हिरवी फळे खाऊ नयेत आणि पूर्ण काळी झालेलीच खावीत. खाण्याजोगे किंवा विषारी असा एकच शिक्का संपूर्ण झाडावर मारण्याची त्याची रीत असल्याने पिकण्याचा हा मुद्दा त्यात कोठेच बसत नाही.

सर्वांत गंभीर चूक झाली ती चिरबोटीच्या बाबतीत. पावसाळ्यानंतर बांधावर उगवणाऱ्या या रोपट्याचे पिवळसर, आंबटगोड फळ कागदी फुग्यात असते आणि पोरे ते आवडीने खातात. अश्वगंधेचे फळही तशाच कागदी वेष्टनात असते, मात्र ते खायचे नसते. गावाच्या पूर्वेकडच्या माळावरून अश्वगंधेची वेष्टनातली सुटी फळे तळहातावर घेऊन मी फोटो काढला, आणि ॲपने चिरबोटी असे नाव देऊन शेजारी खाण्याजोगे अशी हिरवी खूण केली. तीच डहाळी पानांसकट दाखवल्यावर नाव बरोबर आले. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला यात अवघड काही नाही. चिरबोटीचा फुगा ऐसपैस असतो, त्यावर धारा असतात आणि तो पानाच्या बेचक्यात एकटाच लोंबतो. अश्वगंधेचे वेष्टन लहान असते, फळे बेचक्यात झुबक्याने दाटलेली असतात, पिकल्यावर ती लालभडक होतात, आणि खोड-पानांवर राखाडी लव असल्याने सगळे झुडूप धुरकटलेले दिसते. यातले काहीही सुट्या फळाच्या फोटोत येत नाही. मग अशा फोटोवर ॲपने उत्तर देण्याऐवजी फांदी मागायला नको का?

घाणेरी आणि गुंज त्याने अचूक ओळखली. मोगली एरंडही ओळखला, पण मराठी नावाच्या जागी साधा एरंड लिहिला. दोन्ही विषारी असल्याने ही चूक वरवर किरकोळ वाटते. तथापि मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच मुले त्या मूठमूठ खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात येतात. कुंपणाला हेच झुडूप लावलेल्या शाळेतल्या शिक्षकाला नेमके नाव कळणे आवश्यक आहे.

विषबाधेसाठी मदत असे एक बटणही यात आहे. ते दाबल्यावर अमेरिकेतला दूरध्वनी क्रमांक उघडतो. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालते, आणि भारतीय ग्राहकाकडून रुपयांत वर्गणी घेणाऱ्याने तो क्रमांक देणे अवघड नव्हते.

झाडाचे नाव समजून घ्यायचे असेल तर फुकट आवृत्ती पुरेशी आहे, आणि त्या कामाला मी पाचपैकी चार गुण देईन. फळ तोंडात घालावे की नाही, या प्रश्नावरच्या उत्तराला एकही देणार नाही. अश्वगंधेचे दोन्ही फोटो मी ऑक्टोबरमध्ये तक्रारीसह पाठवले होते. आपला अभिप्राय मौल्यवान आहे, असे उत्तर त्याच दिवशी आले, आणि सुट्या फळांच्या फोटोवर काल संध्याकाळपर्यंत हिरवी खूण कायम होती.