माणूस गेला की नुसतं बी?

गडहिंग्लजला आज्जी शाळूचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. शेजारीण त्यातलं सूपभर मागून न्यायची. शेती अशीच पसरली, की शेतकरीच बिऱ्हाड उचलून नव्या रानात गेला?

युरोपात दुसरं खरं. सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, माणसंच निघाली. वेग वर्षाला सरासरी एक किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा वीस वर्षं! घरात पोरंबाळं वाढली तशी नवी रानं लागली. शिकारी टोळ्या संख्येनं मागं पडल्या, पुढं त्यांच्यातच मिसळल्या. जुन्या हाडांतला डीएनए हेच दाखवतो.

इराणच्या झाग्रोस डोंगरांत मात्र शेतकरी अनातोलियाच्या रक्ताचे नव्हतेच. तिथं कसब शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरलं असावं.

आणि आमचा शाळू? ज्वारी मूळची आफ्रिकेतली. माझ्या मते तीही सूपभर मागूनच आली.