स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं : पाचपैकी चार

आमची इमारत ३४ वर्षांची. दोन वर्षं पार्किंगच्या छताचे पोपडे गाड्यांवर पडत होते आणि आम्ही कमिटीवाले दर वेळी वरून सिमेंटचा हात फिरवून घेत होतो. एका सकाळी तळहाताएवढा तुकडा पडला आणि आतली फुगलेली, पदर सुटलेली सळई उघडी पडली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काँक्रीट आतून ढकलून फोडतो. म्हणजे आम्ही दोन वर्षं गळवावर पावडर लावत होतो.

आधीच सांगते, हे आमचं दुसरं ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. पहिल्या गृहस्थांनी वीस मिनिटांत चार मजले उरकले, मोबाइलवर फोटो काढले आणि साठ पानांचा रिपोर्ट पाठवला. त्यात एकही मोजमाप नाही. सतराव्या पानावर लिफ्टशेजारच्या भेगेचा उल्लेख होता. आमच्याकडे लिफ्टच नाही! वर दुरुस्तीचं कामही आम्हीच करून देऊ म्हणाले. मी खजिनदार आहे. जो दुखणं शोधणार तोच औषध विकणार, हे मला पटलं नाही.

दुसऱ्या वेळी आलेल्या इंजिनिअर बाईंनी पहिल्यांदा मूळ नकाशे मागितले. ते वाळवीनं खाल्लेले, म्हणून त्यांनी कव्हरमीटर फिरवून सळया कुठे आणि किती खोल आहेत ते स्वतः शोधलं. दोन दिवस, तीन माणसं. प्रत्येक घर, प्रत्येक बाथरूमचं छत. छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द. बद्द वाजलं की खडूचं वर्तुळ. संध्याकाळपर्यंत पार्किंगचं छत वर्तुळांनी भरून गेलं आणि कायम 'काही होत नाही हो' म्हणणारे लोक मान वर करून गप्प उभे होते.

मग रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून टणकपणा मोजणारं यंत्र. त्याचे आकडे चांगले आले तसे आम्ही खूश झालो. बाई म्हणाल्या, "एवढ्यावर जाऊ नका. जुन्या काँक्रीटची वरची कातडी टणक होते, आकडा फसवतो." मग अल्ट्रासॉनिक लावलं. कॉलमच्या एका बाजूनं ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग म्हणजे उत्तम, तीनच्या खाली म्हणजे शंकेला जागा. पंपाजवळच्या दोन कॉलमचा २.७ आला.

त्यातल्या एका कॉलमचा कोपरा छिन्नीनं ताजा फोडून त्यांनी फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला, बाहेरचा पट्टा मात्र होता तसाच राखाडी. गुलाबी म्हणजे काँक्रीटमध्ये अल्कली शाबूत आहे, सळईला संरक्षण आहे. राखाडी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचून ते संपलंय. पट्टी लावली : राखाडी भाग ३४ मिलिमीटर, सळई २५ वर. शाळेतल्या गणितात बसणारी गोष्ट. साठ पानांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्या पट्टीनं सांगितलं.

कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, काढायला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हरकत घेतली. "आधीच म्हातारी इमारत, त्यात भोकं कसली पाडताय?" बाईंनी त्यांना जवळ बोलावून आधी सळयांच्या खुणा दाखवल्या, मग खुणा चुकवून कोअर काढला, आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटनं लगेच भरलं. काका शेवटपर्यंत खुर्ची टाकून बसले होते.

मुख्य म्हणजे रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून पंपाजवळच्या बीमखाली लोखंडी टेकू लावायला आणि गाड्या हलवायला सांगितलं. मला फ्लोरिडातलं सर्फसाइड आठवलं. तिथल्या इमारतीत पोहण्याच्या तलावाच्या डेकखालचा स्लॅब खराब झाल्याचं इंजिनिअरनं २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. मोठी दुरुस्ती व्हायच्या आत २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. कागद कितीही चांगला असला तरी कपाटात ठेवून उपयोग नाही.

आता एक तारा का कापला. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला, आणि अर्ध्या फोटोंखाली कुठल्या मजल्यावरचा ते नाही. मला पुन्हा जिना चढून जुळवत बसावं लागलं. बाकी रिपोर्ट चोख : लगेच करायचं, या वर्षात करायचं, नुसतं लक्ष ठेवायचं, असे तीन भाग. पाया खणून पाहिला नाही, गच्चीवरची टाकी आतून पाहिली नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. टाकीचा दोष आमचाच, रिकामी करून ठेवायला सांगितलं होतं, आम्ही विसरलो. तेवढ्यासाठी त्या पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.

तुम्ही बोलावणार असाल तर आधी पोटमाळे आणि बाथरूमची फॉल्स सीलिंग उघडून ठेवा. आणि कोअर काढायच्या दिवशी तान्हं बाळ असलेल्या घराला आदल्या दिवशीच सांगा. आवाज भयंकर असतो.